जुने पिंजरे, नवी घरे



आपण गोठा बांधतो तेव्हा काय काय पाहतो? वारा कुठून येतो ते पाहतो. पावसाचा मारा कोणत्या अंगाने बसतो ते पाहतो. मूत वाहून जावे म्हणून जमिनीला उतार देतो. गव्हाण फार उंच नको, फार खाली नको. मारक्या बैलाचा खुंटा वेगळा. व्यालेल्या गाईला आडोसा. पाणी जवळ. हे सारे आपल्याला कोणी शाळेत शिकवले नाही. जनावराकडे पाहून पाहून आपण शिकलो.

आता समजा, वाघासाठी घर बांधायचे आहे. किंवा अस्वलासाठी, किंवा माकडांसाठी. तेव्हाही हेच प्रश्न विचारायला हवेत. किंबहुना जास्तच विचारायला हवेत. गाय हजारो वर्षे माणसाच्या दारात आहे. वाघ कधी कोणाच्या दारात राहिला नाही. त्याला आपण तिथे आणले आहे.

ज्या बागेत निरनिराळ्या देशांची जनावरे लोकांना पाहण्यासाठी ठेवतात, तिला प्राणिसंग्रहालय म्हणतात. आपल्या देशातील पुष्कळ प्राणिसंग्रहालये शंभर-सव्वाशे वर्षांची, काही तर त्याहून जुनी आहेत. तेथले जुने पिंजरे पाडून नवी घरे बांधण्याचे काम बरीच वर्षे चालले आहे. हे काम का करावे लागले, आणि ते नीट झाले की नाही हे कसे ओळखावे, ते या पाठात पाहू.

शिकारखाना आणि राणीची बाग

पूर्वी वाघ-सिंह पाळणे हे राजेरजवाड्यांचे काम होते. पुण्यात सवाई माधवराव पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी शिकारखाना ठेवला होता. गंगाराम तांबट नावाच्या चित्रकाराने १७९० साली तेथल्या गेंड्याचे चित्र काढले. ते अजून जपून ठेवलेले आहे. असा शिकारखाना म्हणजे राजाच्या वैभवाची खूण. जनावर तेथे सुखी आहे का, हे विचारायला कोण जातो?

पुढे शहरे वाढली. शहरातल्या लोकांसाठी बागा झाल्या. मुंबईत भायखळ्याला १८६२ साली एक मोठी बाग खुली झाली. तिला इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचे नाव दिले. लोक म्हणू लागले राणीची बाग. पुढे तेथे जनावरे ठेवली गेली. आज तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे आहे. पण मुंबईचा माणूस अजून राणीची बाग असेच म्हणतो. कोकणातून, घाटावरून गिरणीत कामाला गेलेली आपली माणसे आसपासच राहत. गावाकडचा पाहुणा आला की त्याला ती दोन ठिकाणे आवर्जून दाखवीत. एक समुद्र, आणि दुसरी राणीची बाग.

त्या काळचे पिंजरे जगभर साधारण एकसारखे होते. पुढे लोखंडी गज, खाली फरशी, मागे एक अंधारी खोली. असे पिंजरे बांधण्याला तीन कारणे होती. फरशी धुवायला सोपी, त्यामुळे रोगराई कमी. गज मजबूत, त्यामुळे जनावर सुटण्याचे भय नाही. आणि पिंजरा लहान, त्यामुळे पैसे देऊन आलेल्या माणसाला जनावर जवळून दिसते. पहिल्या कारणात जनावराचे थोडेफार हित होते. उरलेली दोन कारणे माणसाच्या सोयीची.

येरझारा कशासाठी?

जुन्या पिंजऱ्यातला वाघ तुम्ही पाहिला असेल. तो या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जातो. वळतो. पुन्हा या कोपऱ्यात येतो. तासन् तास त्याचे हेच चालते. पाय नेमके त्याच जागी पडतात. पाहणारे म्हणतात, "बघा, कसा ऐटीत फिरतोय!"

ती ऐट नव्हे. काही करायला नाही, कुठे जायला नाही, म्हणून जनावराला ती खोड लागते. आपल्याकडेही हे दिसते. रात्रंदिवस बांधून ठेवलेला घोडा लाकूड कुरतडतो, जागच्या जागी डुलतो. साखळीला बांधलेला हत्ती सारखा डोलतो, तेव्हा आपण म्हणतो, गजराज खुशीत आहेत. पण तेही खुशीचे लक्षण नव्हे. हत्ती हा कळपात राहणारा आणि दिवसाकाठी मैलोगणती चालणारा प्राणी. त्याचे चालणे बंद झाले, सोबत तुटली, की तो डोलत उभा राहतो.

थोडा हिशेब करू. भरपूर शिकार असलेल्या चांगल्या जंगलातही एका वाघिणीला साधारण वीस चौरस किलोमीटर रान लागते. म्हणजे जवळजवळ पाच हजार एकर. एवढे रान ती हौस म्हणून फिरत नाही. शिकार शोधावी लागते. पाणी गाठावे लागते. हद्द राखावी लागते. पिल्ले लपवावी लागतात. पिंजऱ्यात तिला ठरलेल्या वेळी आयते मांस मिळते. पोट भरले, पण दिवस कसा जायचा?

आणखी एक गोष्ट. शेतात बसलेल्या कावळ्याकडे हळूहळू चालत जा. काही अंतरापर्यंत तो नुसता तुमच्याकडे पाहतो. त्याच्या पुढे एक पाऊल टाकले की उडतो. हरणाचे तसेच, कोल्ह्याचे तसेच. प्रत्येक जनावराचे असे एक अंतर ठरलेले असते. माणूस त्याच्या आत आला की ते पळते. स्वित्झर्लंड देशात हायनी हेडिगर नावाचे विद्वान होते. ते स्वतः प्राणिसंग्रहालयाचे प्रमुख होते. त्यांनी या अंतराचा बारकाईने अभ्यास केला आणि सांगितले की पिंजरा बांधताना हे अंतर लक्षात घ्या. पिंजरा दहा फुटांचा, जनावराचे पळण्याचे अंतर पन्नास फुटांचे, आणि चारी बाजूंना माणसांची गर्दी. मग त्या जनावराने जावे कुठे? ते दिवसभर भयात राहते. म्हणून नव्या घराला लपायची जागा हवीच.

खंदकाची युक्ती

जर्मनी देशात हांबुर्ग नावाचे मोठे बंदर आहे. तेथे हागेनबेक नावाचा एक मासेविक्या राहत असे. १८४८ साली कोळ्यांच्या जाळ्यात काही सील सापडले. सील म्हणजे समुद्रात राहणारे, मिशा असलेले, मासे खाणारे जनावर. हागेनबेकने ते लाकडी टपांत ठेवले आणि पैसे घेऊन लोकांना दाखवले. त्याचा मुलगा कार्ल तेव्हा लहान होता. पुढे हाच कार्ल जनावरांचा फार मोठा व्यापारी झाला.

धंदा करता करता त्याने जनावरे जवळून पाहिली. त्याच्या मनात आले की गजांच्या ऐवजी खंदक खणला तर? पण खंदक किती रुंद हवा? त्याने अंदाजाने काम केले नाही. वाघ-सिंह किती लांब आणि किती उंच उडी मारतात ते त्याने आधी पाहून घेतले, आणि त्याहून रुंद खंदक खणले. १९०७ साली त्याने हांबुर्गजवळ आपले प्राणिसंग्रहालय उघडले. तेथे सिंह मोकळ्या खडकांवर बसलेले दिसत. मधे गज नाहीत, जाळी नाही. खंदक असा खणलेला की पाहणाऱ्याच्या नजरेला तो येत नसे. लोक चकित झाले.

खंदक म्हटला की आपल्याला किल्ला आठवतो. किल्ल्याचा खंदक बाहेरच्याला आत येऊ देत नाही. हा खंदक आतल्याला बाहेर येऊ देत नाही. एवढाच फरक.

ही रीत पुढे देशोदेशी गेली. दिल्लीचे प्राणिसंग्रहालय १९५९ साली सुरू झाले. त्याच्या आखणीत हागेनबेकच्या घराण्यातील माणसाचीच मदत घेतली होती. त्याच दिल्लीत २०१४ साली एक तरुण कठडा ओलांडून पांढऱ्या वाघाच्या आवारात पडला आणि प्राणाला मुकला. तेव्हा नव्या घराला दोन्हीकडून बंदोबस्त हवा. जनावर बाहेर येऊ नये आणि माणूस आत पडू नये.

दिसायला छान, राहायला कसे?

आता एक सावधगिरीची गोष्ट. नवे आणि सुंदर बांधले म्हणजे ते जनावराला मानवतेच असे नाही.

इंग्लंडमध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९३४ साली पेंग्विनसाठी एक हौद बांधला. पेंग्विन हा उडता न येणारा, पण मासळीसारखा पोहणारा पक्षी. त्या हौदावर काँक्रीटच्या दोन वळणदार पट्ट्या एकमेकींना वळसा घालून खाली उतरतात. बांधकामाचा तो उत्तम नमुना समजला जातो. मोठमोठे कारागीर तो पाहायला येतात. पण काँक्रीटवर चालून चालून पेंग्विनच्या पायांना इजा होऊ लागली. शेवटी २००४ साली पेंग्विन तेथून हलवावे लागले. आज तो हौद उभा आहे, पण त्यात पेंग्विन नाहीत.

नव्या घराच्या बाबतीत हा प्रश्न नेहमी विचारावा. हे कोणासाठी बांधले? पाहणाऱ्यासाठी, बांधणाऱ्यासाठी, की राहणाऱ्यासाठी?

कायदा काय सांगतो?

आपल्या देशात वन्य प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा १९७२ साली झाला. १९९१ साली त्यात दुरुस्ती करून प्राणिसंग्रहालयांसाठी नियम आणले. १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. या प्राधिकरणाची मान्यता असल्याशिवाय कोणालाही प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. पूर्वी कोणीही चार पिंजरे मांडून जनावरे दाखवीत असे. ते बंद झाले.

नियमांत जनावराला जागा किती हवी ते सांगितले आहे. वाघांच्या एका जोडीला निदान १,००० चौरस मीटर मोकळे आवार हवे. म्हणजे सुमारे १० गुंठे. बिबट्याच्या जोडीला ५०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ५ गुंठे. शेतकऱ्याला गुंठा डोळ्यांसमोर आणायला वेळ लागत नाही. मघाच्या पाच हजार एकरांशी ताडून पाहाल, तर १० गुंठे म्हणजे काहीच नाही. पण जुन्या खोलीएवढ्या पिंजऱ्याशी ताडून पाहाल, तर फरक मोठा आहे.

आठवड्यातून एक दिवस प्राणिसंग्रहालय बंद ठेवावे, असाही नियम आहे. मुंबईची राणीची बाग आणि पुण्याचे कात्रज येथील प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असते. कोणी म्हणेल, एवढ्या लांबून आलो आणि दार बंद! पण आपल्याकडे पुष्कळ गावांत आठवड्यातून एक दिवस बैलाच्या मानेवर जू ठेवीत नसत. तसाच हा सुटीचा दिवस.

हत्तीच्या बाबतीत तर प्राधिकरणाने २००९ साली असे सांगितले की, हत्तींना प्राणिसंग्रहालयात ठेवू नये, त्यांना जंगलाजवळच्या हत्तींच्या तळांवर न्यावे. काही घरे कितीही सुधारली तरी पुरी पडत नाहीत, हे त्यावरून कळते.

जागा बदलावी की घर?

जुन्या प्राणिसंग्रहालयापुढे दोन वाटा असतात. एक, गावाबाहेर नवी मोठी जागा घ्यायची आणि सारा संसार तिकडे हलवायचा. दुसरी, आहे त्याच जागी जुने पाडून नवे बांधायचे.

पहिली वाट मद्रासने, म्हणजे आजच्या चेन्नईने धरली. तेथले प्राणिसंग्रहालय १८५५ साली सुरू झालेले, भर शहरात होते. १९८५ साली ते शहराबाहेर वंडलूर येथे नेले. तेथे जागा मिळाली हजार एकरांहून अधिक.

पुण्यानेही तीच वाट धरली. पर्वतीजवळ पेशवे पार्क १९५३ साली सुरू झाले होते. तेथली फुलराणी नावाची छोटी आगगाडी पुष्कळांना आठवत असेल. पण जागा अपुरी, भोवती रहदारी आणि गोंगाट. म्हणून कात्रजला तलावाच्या काठी सुमारे १३० एकरांवर नवे प्राणिसंग्रहालय झाले. ते १९९९ साली खुले झाले. २००५ सालापर्यंत पेशवे पार्कमधली जनावरे तिकडे नेली. नव्या ठिकाणी झाडी आली, खंदक आले, मोकळी आवारे आली.

मुंबईने दुसरी वाट धरली. राणीची बाग पन्नास एकरांच्या आसपास आहे. भोवती शहर दाटलेले. बागेत जुनी, मोलाची झाडे आहेत, ती तोडता येत नाहीत. तेव्हा टप्प्याटप्प्याने काम करावे लागले. एक भाग बंद करायचा, तेथले जुने पाडायचे, नवे बांधायचे, मग पुढचा भाग हाती घ्यायचा.

अशा ठिकाणी एक अवघड हिशेब येतो. जागा तेवढीच आणि प्रत्येकाला अंगण मोठे द्यायचे, तर जनावरे कमी ठेवायला हवीत. दोन एकरांच्या चाऱ्यावर दहा म्हशी कोणी बांधीत नाही. बांधल्या तर दूधही जाते आणि म्हशीही. प्राणिसंग्रहालयाचेही तसेच आहे. पाहायला आलेल्या माणसाला जिराफही हवा, गेंडाही हवा, सिंहही हवा. व्यवस्थापकाला कधीतरी 'नाही' म्हणता आले पाहिजे.

राणीच्या बागेतला नवा संसार

राणीच्या बागेत २०१६ साली दक्षिण कोरियातून आठ पेंग्विन आणले. हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन. ते मूळचे पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावरचे. पेंग्विन म्हटला की लोकांना बर्फ आठवतो, पण ही जात बर्फात राहत नाही. मात्र तिथल्या समुद्राचे पाणी गार असते. म्हणून मुंबईच्या उकाड्यात त्यांच्यासाठी गार खोली बांधावी लागली. आत १६ ते १८ अंश इतके तापमान राखतात. यंत्र रात्रंदिवस चालू ठेवावे लागते. पाणी सतत गाळून स्वच्छ करावे लागते.

त्याच वर्षी त्यांतला एक पेंग्विन दगावला. खूप टीका झाली. एवढा पैसा परदेशी पक्ष्यांवर का घालवता, असे लोक विचारू लागले. २०१७ साली पेंग्विन लोकांना पाहायला मिळू लागले आणि गर्दी उसळली. १५ ऑगस्ट २०१८ रोजी तेथे एक पिल्लू जन्मले. काही दिवसांतच ते गेले. पण पुढच्या वर्षांत आणखी पिल्ले झाली आणि जगली.

टीका करणारे बरोबर की गर्दी करणारे बरोबर? माझे म्हणणे असे आहे. पक्षी आणल्यावर त्याची नीट सोय केली, हे चांगलेच झाले. पण जेथले हवामान एखाद्या जनावराला मुळीच मानवत नाही, तेथे ते आणण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. वीज गेली, यंत्र बंद पडले, की त्या पक्ष्याच्या जिवाशी गाठ असते. आपल्या मातीतल्या जनावराला असे यंत्र लागत नाही. त्याला सावली, डबके आणि आडोसा दिला की पुष्कळ होते.

२०२० साली राणीच्या बागेत पक्ष्यांसाठी मोठे जाळीघर खुले झाले. त्याची उंची ४४ फूट. येथे माणूसच जाळीच्या आत जातो. पक्षी डोक्यावरून उडतात. पूर्वी पक्षी लहान पिंजऱ्यात आणि माणूस बाहेर. आता पक्ष्याला पंख पसरून उडायला जागा मिळाली. त्याच वर्षी औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या प्राणिसंग्रहालयातून वाघांची एक जोडी आणली. त्यांचे आवार झाडीचे केले. पाहायला जाड काच बसवली. काचेमुळे वाघ जवळून दिसतो, आणि कोणाला दगड किंवा खाण्याचे पुडे आत फेकता येत नाहीत.

चांगले घर कसे ओळखावे?

आपण पाहायला गेलो तर काय पाहावे? या पाच गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट, पायाखालची जमीन. सगळीकडे फरशी नको. माती, गवत, वाळू हवी. अस्वलाला उकरता आले पाहिजे. हरणाचे खूर मातीवर नीट राहतात.

दुसरी गोष्ट, आडोसा. जनावराला माणसांच्या नजरेआड होता आले पाहिजे. कधी वाघ दिसला नाही तर चिडू नका. वाघ दिसत नाही, याचा अर्थ त्याला लपायला जागा आहे.

तिसरी गोष्ट, उंची आणि पाणी. बिबट्याला चढायला झाड किंवा माचण हवे. माकडाला दोर आणि फांद्या हव्यात. वाघाला डुंबायला पाणी हवे. उन्हाळ्यात वाघ पाण्यात बसून राहतो हे वनाशेजारी राहणाऱ्यांना ठाऊक आहे.

चौथी गोष्ट, उद्योग. मांस ताटात वाढल्यासारखे न देता उंच टांगावे, म्हणजे बिबट्याला ते चढून काढावे लागते. ओंडक्याला भोके पाडून त्यात मध भरावा, म्हणजे अस्वल तासभर गुंगते. माकडांचे दाणे गवतात विखरावेत. खर्च जवळजवळ काही नाही. डोके मात्र लागते.

पाचवी गोष्ट पाहणाऱ्याला सहसा दिसत नाही. ती म्हणजे मागची बाजू. रात्रीची खोली कोरडी आहे का? साफसफाई करताना जनावराला दुसऱ्या खोलीत बंद करता येते का? दार दुहेरी आहे का? नवे आलेले जनावर काही दिवस वेगळे ठेवतात का? आजारी जनावराला वैद्य लगेच मिळतो का?

मागच्या बाजूची हेळसांड महागात पडते. कात्रजला २०२४ साली मार्च महिन्यात एक बिबट्या पिंजऱ्यातून निसटला. सुदैवाने तो आवारातच पकडला गेला, कोणाला इजा झाली नाही. त्याच ठिकाणी २०२५ साली जुलै महिन्यात पंधराहून अधिक चितळ काही दिवसांत दगावले. तपासणीत लाळ-खुरकूत निघाला. हा रोग आपल्या गाईबैलांनाही होतो, आपल्याला चांगला माहीत आहे. म्हणून नुसते पुढचे अंगण शोभिवंत करून भागत नाही. कडी, कुलूप, कुंपण, पाणी आणि रोगाची पाळत हीही घराचीच अंगे आहेत.

आणि हे सारे ज्याच्या हातात असते तो म्हणजे जनावरांचा रखवालदार. रोज खाणे देणारा, झाडलोट करणारा माणूस. जनावर आज सुस्त आहे, कालचे खाणे तसेच पडले आहे, हे सर्वांच्या आधी त्यालाच कळते. नव्या घराची आखणी करताना त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. गवंडी कितीही हुशार असला तरी गोठ्याची अडचण गुराख्यालाच ठाऊक असते.

यात आपला संबंध काय?

कोणी म्हणेल, "मास्तर, हे शहरातल्या लोकांचे सांगता. आम्हाला काय त्याचे?"

संबंध आहे. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर या बाजूच्या लोकांना तर फार जवळचा आहे. उसाच्या रानात बिबटे राहतात, तिथेच वितात. कधी शेळी नेतात, कधी कुत्रा. कधी माणसावरही घाला होतो. घरातले लेकरू गेल्यावर त्या आईचे दुःख काय वर्णावे! मग वनखाते पिंजरा लावते. बिबट्या पकडला जातो. गावाला हायसे वाटते. ते साहजिकच आहे.

पण पुढे तो बिबट्या जातो कुठे? साऱ्यांनाच रानात परत सोडता येत नाही. काहींना जन्मभर ठेवून घ्यावे लागते. जुन्नरजवळ माणिकडोह येथे अशा बिबट्यांसाठी केंद्र आहे. नागपूरजवळ गोरेवाडा येथेही सुटका केलेल्या जनावरांचे केंद्र आहे, आणि तेथेच २०२१ साली मोठे प्राणिउद्यान खुले झाले. माणसाच्या हाती राहिलेला बिबट्या पंधरा-वीस वर्षेही जगतो. त्याला एवढी वर्षे लोखंडी पेटीत काढायला लावायची, की पाच गुंठ्यांचे आवार द्यायचे, हा सवाल आहे. तो काही पैसे मिळवण्यासाठी आणलेला नाही. आपण सुरक्षित राहावे म्हणून तो तेथे आहे. मग त्याच्या घराचा थोडा भार आपणही उचलायला हवा. निदान तिकडे लक्ष तरी ठेवावे.

चांगल्या प्राणिसंग्रहालयाने मोठी कामेही केली आहेत. मंगोलिया देशातले रानघोडे जंगलात पार नाहीसे झाले होते. काही थोडे प्राणिसंग्रहालयांत उरले होते. त्यांची निपज करून, १९९२ साली ते पुन्हा मंगोलियाच्या माळावर नेले. आज तेथे त्यांचे कळप फिरतात. पिंजऱ्यातले जनावर असे पुन्हा रानात जाऊ शकले, तर पिंजऱ्याचे सार्थक झाले म्हणायचे.

पाहायला जाल तेव्हा

मुलांना घेऊन प्राणिसंग्रहालय पाहायला जरूर जा. पण काही गोष्टी पाळा. काचेवर थापा मारू नका. दगड मारू नका, आरोळ्या ठोकू नका. झोपलेले जनावर उठवू नका. केळे, वडा, बिस्किटे काही आत टाकू नका. पुड्याचा कागद पोटात गेला तर हरीण मरते. पोराला कठड्यावर बसवू नका.

आणि घाई करू नका. दहा पिंजरे धावत पाहण्यापेक्षा एका आवारापुढे अर्धा तास उभे राहा. जनावर काय करते ते पाहा. ते मोकळे हिंडते, हुंगते, उकरते, पाण्यात शिरते, की नुसते येरझारा घालते? तुम्ही जन्मभर गुरेढोरे पाहिली आहेत. शहरातल्या माणसाला जे दिसत नाही ते तुम्हाला दिसेल. काही खटकले तर तेथल्या कचेरीत जाऊन सांगा. आता तुम्हाला लिहिता येते. तेव्हा चार ओळींचा अर्ज लिहून, खाली सही करून द्या. अर्जावर तारीख घालायला विसरू नका.

प्रश्न

१. जुने पिंजरे लहान आणि फरशीचे का बांधीत?
२. वाघ येरझारा का घालतो? हत्ती का डोलतो?
३. हागेनबेकने खंदक खणण्यापूर्वी काय पाहिले?
४. लंडनच्या हौदातून पेंग्विन का हलवावे लागले?
५. तुमच्या घरची मोकळी जमीन किती गुंठे आहे? तेथे नियमाप्रमाणे वाघांची जोडी मावेल का, हिशेब करा.
६. पकडलेल्या बिबट्याचे पुढे काय करावे? वर्गात दोन्ही बाजू मांडा.
७. प्राणिसंग्रहालयाच्या प्रमुखांना चार ओळींचा अर्ज लिहा.